काचेच्या आतली हवा: सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

महोदय,

जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं साताऱ्यात आली, तेव्हा सगळ्यात जास्त बोललं गेलं ते काचेबद्दल. काच बुलेटप्रूफ आहे, कॅमेरे आहेत, पहारा आहे. तीन वर्षांच्या मुदतीवर आणलेली ही वस्तू सातारा, नागपूर, कोल्हापूर आणि मुंबई अशा चार ठिकाणी दाखवायचं ठरलं. लोक रांगा लावून आले, येणारच. मी मात्र बातम्यांत वेगळाच आकडा शोधत होतो. त्या काचपेटीच्या आतली हवा किती दमट आहे, हा तो आकडा. वाघनखं पोलादाची. साताऱ्याच्या जुलैमध्ये पोलादाला गोळी लागण्याची भीती जास्त की गंज लागण्याची, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

तो आकडा कुणीतरी पाहत असणार, असं मी धरून चालतो. जगातली मोठी संग्रहालयं आपली वस्तू बाहेर देतात तेव्हा नुसत्या विम्यावर भागत नाही. तापमान किती, आर्द्रता किती, उजेड किती, पेटी कुणी आणि कुणासमक्ष उघडायची, याच्याही अटी घातल्या जातात. वस्तू उसनी असल्यामुळे घेणारा त्या निमूट पाळतो. शेजारणीकडून मागून आणलेलं पातेलं आपण चिंच लावून, लखलखीत करून परत करतो. घरचं मात्र मोरीत तसंच पडून असतं. माझं हे पत्र त्या घरच्या पातेल्याबद्दल आहे.

मी रसायनशास्त्राचा निवृत्त शिक्षक. संग्रहालयं पाहण्याची सवय जुनी, आणि पेशामुळे लागलेली खोड अशी की वस्तूआधी माझी नजर शोकेसच्या सांध्यांकडे, तळाच्या कापडाकडे, दिव्याकडे जाते. बरोबरची मंडळी पुढच्या दालनात पोहोचलेली असतात आणि मी काचेला नाक लावून प्लायवूडची कड पाहत उभा असतो. पहारेकरी संशयाने बघतात. त्यांची चूक नाही.

आपल्याकडे शोकेस हे फर्निचर समजलं जातं. खुर्च्या-टेबलांसारखी ती मागवली जाते: लांबी, रुंदी, उंची, काचेची जाडी, सनमायक्याचा रंग. निविदा निघते, सर्वांत कमी दर भरणाऱ्याला काम मिळतं, सुतार प्लायवूडचा सांगाडा उभा करतो, आत लाल मखमल चिकटवतो, वर ट्यूबलाइट बसते आणि उद्घाटनाच्या आदल्या रात्री रंगाचा शेवटचा हात फिरतो. सकाळी तो वास हवेत असतानाच शेकडो वर्षं टिकलेली वस्तू आत जाते आणि काच बंद होते. यात कुणी हयगय केली असं नाही. सुताराने सांगितलेलं काम चोख केलेलं असतं. त्याला काय सांगायचं होतं, ते मात्र कुणी ठरवलेलं नसतं.

बंद पेटीत जे काही ठेवाल त्याची वाफ आतच साचते. लाकूड कितीही जुनं असलं तरी थोडंफार ॲसिटिक आम्ल सोडत राहतं. ओक या बाबतीत फारच वाईट. आपल्या प्लायवूडमध्ये आणि एमडीएफमध्ये भर पडते ती चिकटवणाऱ्या रेझिनमधून येणाऱ्या फॉर्माल्डिहाइडची. काचा जोडायला वापरतात त्या साध्या सिलिकोनला ताजं असताना व्हिनेगरचा वास येतो. तो वास म्हणजेच ॲसिटिक आम्ल. त्याचं एवढं प्रमाण तुम्हाआम्हाला काही करत नाही. शिशाला करतं.

आणि महाराष्ट्राच्या संग्रहालयांत शिसं पुष्कळ आहे, कारण सातवाहनांनी शिशाची नाणी पाडली. कोल्हापूर भागात सापडणारी, धनुष्यबाणाची छाप असलेली कुर राजांची नाणी नाणेसंग्राहकांना चांगली ठाऊक आहेत. ही नाणी दोन हजार वर्षं मातीत राहून वाचली. जमिनीखाली त्यांच्यावर एक पक्का थर चढला आणि पुढची झीज मंदावली. तीच नाणी नव्या कोऱ्या प्लायवूडच्या शोकेसमध्ये ठेवा, काच घट्ट बसवा, आणि काही वर्षांत त्यांच्यावर पांढरी भुकटी दिसायला लागेल. आम्लाची वाफ आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड मिळून शिशाचं कार्बोनेट तयार होतं. फडक्याने पुसली की भुकटी जाते. तिच्याबरोबर धनुष्याची दोरीही थोडी जाते. काही महिन्यांनी भुकटी परत येते, परत पुसतात. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका संग्रहालयात मी एका कर्मचाऱ्याला अशी नाणी मन लावून पुसताना पाहिलं. ‘बुरशी धरते साहेब पावसाळ्यात,’ तो म्हणाला. त्याला दुसरं काही सांगितलंच नव्हतं कुणी.

तसं म्हटलं तर तो मोठ्या परंपरेत बसतो. १८९९ मध्ये बाईन नावाच्या इंग्रज अभ्यासकाला संग्रहातल्या शिंपल्या-शंखांवर असाच पांढरा थर दिसला आणि त्यानेही जंतूंवर आळ घेतला. त्या बिघाडाला आजही ‘बाईनचा रोग’ म्हणतात. जंतूंचा काही संबंध नव्हता. शंख लाकडी कपाटांत होते, एवढंच.

चांदीचं दुखणं वेगळं. तिला गंधक बाधतं. लोकरीच्या फेल्टमधून, रबराच्या चकत्यांतून, काही कापडांच्या रंगांतून गंधकाची संयुगं सुटतात आणि अत्तरदाण्या, पानदान, गुलाबदाण्या काळ्या पडतात. मग पावडर लावून घासायचं. दर घासण्यात नक्षी अंशाने बोथट होते. आपल्या लाडक्या लाल मखमलीबद्दल म्हणूनच मला प्रेम उरलेलं नाही. मखमल राजेशाही दिसते हे मान्य, पण ती कशाने रंगवली आणि कशाने चिकटवली हे तपासल्याखेरीज तिच्यावर चांदी ठेवू नये.

तपासायचं कसं, याचं उत्तर १९७३ पासून उपलब्ध आहे. ब्रिटिश म्युझियममधले शास्त्रज्ञ अँड्र्यू ऑडी यांनी एक सोपी चाचणी मांडली आणि ती आज जगभर त्यांच्या नावाने चालते. शोकेसमध्ये वापरायचं कापड, लाकूड, रंग, डिंक, जे असेल त्याचा छोटा नमुना काचेच्या भांड्यात घ्यायचा. त्यात चांदी, तांबं आणि शिसं यांच्या बारीक पट्ट्या टांगायच्या, थोडं पाणी ठेवायचं, भांडं घट्ट बंद करायचं आणि ६० अंश सेल्सिअसला २८ दिवस ठेवायचं. पट्ट्या जशाच्या तशा राहिल्या तर तो माल वापरायला हरकत नाही. काळ्या, हिरव्या, पांढऱ्या झाल्या तर नको. संपली चाचणी. यासाठी परदेशी सल्लागार नको आणि कोटीची यंत्रणाही नको. ओव्हन असलेली कुठल्याही महाविद्यालयाची प्रयोगशाळा पुरते, आणि पदवीच्या मुलांना प्रकल्प म्हणून यापेक्षा चांगला विषय मी तरी सुचवू शकणार नाही. २८ दिवस मात्र द्यावे लागतात. उद्घाटनाची तारीख आधी ठरवून शोकेस मागून बनवणाऱ्यांना नेमके तेच परवडत नाहीत.

आता पाण्याबद्दल. कोकणात पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ९० टक्क्यांपलीकडे जाते. विदर्भात मे महिन्यातल्या दुपारी ती २० टक्क्यांच्याही खाली येते. युरोपातल्या संग्रहालयाला हिवाळ्यातला कोरडेपणा सांभाळावा लागतो, आपल्याला दोन्ही टोकं सांभाळावी लागतात. हस्तिदंत, लाकूड, कातडं, कागद हे सगळे हवेतून पाणी घेतात आणि सोडतात, त्यापायी फुगतात आणि आकसतात. वर्षातून एकदा सावकाश झालं तर जुनी वस्तू ते सोसते. रोज झालं की चिरते.

धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. तिच्याशी नातं सांगणारी दुसरी मूर्ती १९३८ मध्ये इटलीत, पॉम्पेईच्या उत्खननात मिळाली आणि आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. जुनं तगर, म्हणजे आजचं तेर, आणि रोम यांच्यातल्या व्यापाराबद्दल शाळेच्या पुस्तकात आपण जे एक वाक्य वाचतो, त्याचा हा वितभर पुरावा. मराठवाड्याचा मे आणि मराठवाड्याचा ऑगस्ट यांच्यामध्ये या वितभर हस्तिदंताला उभं करायचं तर मधे काचपेटीखेरीज दुसरं कुणी नाही. तिच्या पेटीतल्या आर्द्रतेची बारा महिन्यांची नोंद तेरच्या शाळकरी मुलांना पाहायला मिळावी, असं मला फार वाटतं.

पेटी हे कसं साधते? साधं उत्तर ‘एसी लावा’ असं दिलं जातं, आणि बहुधा तेच सगळ्यात वाईट असतं. सकाळी दहाला एसी सुरू, संध्याकाळी पाचला बंद, मध्ये वीज गेली तर तेवढा वेळ बंद. म्हणजे आर्द्रतेचा रोज एक हेलकावा. सतत चालवता येणार नसेल तर एसी नसलेला बरा. शोकेसच्या आत बसवलेला दिवाही असाच उद्योग करतो. दिवसा तो पेटला की आतली हवा तापून फुगते आणि फटींतून बाहेर पडते. रात्री विझला की आत आकसते आणि बाहेरची दमट, धुळीची हवा ओढून घेते. रोज एकदा आत, एकदा बाहेर. म्हणून दिव्याची खोली वेगळी, वस्तूची वेगळी, मध्ये काच, हा चांगल्या शोकेसचा पहिला नियम. त्याचा दुसरा फायदा असा की दिवा बदलायला वस्तूची पेटी उघडावी लागत नाही. शिडीवर चढलेला माणूस, त्याच्या हातात ट्यूब आणि खाली उघडी पडलेली तीनशे वर्षांची पोथी, हे दृश्य ज्याने पाहिलं आहे त्याला मी काय म्हणतो ते कळेल.

आर्द्रता स्थिर ठेवायला विजेची गरजच नाही. औषधांच्या बाटलीत ज्याची पुडी असते ते सिलिका जेल तळाच्या कप्प्यात ठेवतात. ते नुसतं पाणी शोषत नाही. ५० टक्के आर्द्रतेला आधी मुरवून ठेवलं तर हवा दमट झाली की ते पाणी घेतं आणि कोरडी झाली की परत देतं. मात्र हे जमण्यासाठी पेटी घट्ट हवी. उत्तम शोकेसमध्ये दिवसाभरात आतल्या हवेच्या एक-दशांश एवढीच हवा बदलते; सरकत्या काचांच्या आपल्या नेहमीच्या शोकेसमध्ये ती दिवसातून कितीतरी वेळा बदलून जाते, आणि तिथे सिलिका जेल ठेवणं म्हणजे महाराष्ट्राचा पावसाळा आटवायला बसणं. आणि पेटी जितकी घट्ट, तितकं आतलं साहित्य निर्मळ लागतं. घट्ट पेटीत चुकीचं प्लायवूड हे सैल पेटीतल्या चुकीच्या प्लायवूडपेक्षा घातक. म्हणून ही दोन कामं वेगवेगळ्या कंत्राटांत तोडता येत नाहीत.

एक कप्पा, एक कुलूप, जेल बदलल्याची तारीख लिहायला एक वही. एवढ्यानेही फार फरक पडेल. सध्या पुष्कळ ठिकाणी त्या जागी डांबरगोळ्या असतात. कसर लागू नये म्हणून ठेवतात, हेतू चांगला. पण त्यांची वाफ बंद पेटीत साचते, वस्तूवर पुन्हा स्फटिक होऊन बसते आणि पेटी उघडणाऱ्या माणसाच्या छातीत जाते.

आणखी एक सवय मोडायला हवी. ‘पेशवेकालीन जीवन’ असा फलक लावून एकाच शोकेसमध्ये तलवार, पोथी, हस्तिदंती फणी आणि काशाचा गडू मांडण्याची आपल्याला हौस आहे. दिसायला छान, पण पोलादाला आणि खारावलेल्या काशाला कोरडी हवा हवी आणि हस्तिदंताला मध्यम. कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली पोसायडन या ग्रीक-रोमन समुद्रदेवतेची छोटी कांस्यमूर्ती आहे, देशात अशा वस्तू फार थोड्या. जमिनीतून निघालेल्या कांस्यात क्लोराइड मुरलेले असू शकतात आणि हवा दमट झाली की त्यातून फिकट हिरवी भुकटी फुटायला लागते. तिला ‘कांस्याचा रोग’ असंच नाव आहे. आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली राहिली तर तो रोग झोपून राहतो. तेरच्या हस्तिदंती मूर्तीला ती हवा सोसणार नाही. एकाच काळातल्या, एकाच समुद्रावरच्या व्यापाराच्या या दोन साक्षी एकाच प्रदर्शनात जरूर मांडाव्यात, पण दोन पेट्यांत.

उजेडाबाबत थोडक्यात सांगतो, कारण यातलं पुष्कळसं अनेकांना माहीत आहे आणि तरीही कुणी पाळत नाही. कापड, कागद, लघुचित्रं यांच्यासाठी जगभर मान्य असलेली मर्यादा ५० लक्सची आहे. खिडकीजवळच्या शोकेसवर हा आकडा सहज हजारांत जातो. उजेडाने झालेलं नुकसान साठत जातं आणि भरून निघत नाही: २००० लक्समधला एक दिवस म्हणजे ५० लक्समधले चाळीस दिवस. आपल्या जुन्या कापडांतला हळदीचा पिवळा रंग तर फारच नाजूक. नीळ टिकते, हळद उडते, आणि नीळ-हळदीने रंगवलेला हिरवा शेला काही वर्षांत निळा होऊन बसतो. मग पाटीवर लिहितात ‘निळा शेला’. यावर उपाय म्हणजे कापड काही महिने दाखवायचं, मग अंधारात विसावा द्यायचा आणि त्या जागी दुसरं ठेवायचं. ‘मागच्या वेळी पाहिलेली पैठणी यंदा नाही’ अशी तक्रार आली तर ती आनंदाने ऐकून घ्यावी. दालन अंधारं वाटतं ही तक्रारही खरी असते, पण तिचं उत्तर दिवा वाढवणं हे नाही. बाहेरच्या उन्हातून थेट ५० लक्समध्ये नेलं तर माणूस आंधळाच होतो. मधल्या वाटेवर उजेड टप्प्याटप्प्याने कमी केला की डोळे जुळवून घेतात.

हे सगळं आपल्या आवाक्याबाहेरचं आहे, असं म्हणू नका. भारताच्या संविधानाच्या मूळ हस्तलिखित प्रती संसदेच्या ग्रंथालयात ज्या पेट्यांत आहेत, त्या दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेने अमेरिकेतल्या गेटी संवर्धन संस्थेच्या साथीने १९९०च्या दशकात उभ्या केल्या. प्रेम बिहारी नारायण रायजादा यांचं सुलेखन, नंदलाल बोस आणि त्यांच्या शिष्यांची चित्रं, आणि भोवती नायट्रोजन. हेलियम असल्याचं अनेक ठिकाणी छापून येतं, ते बरोबर नाही. ऑक्सिजन जवळपास काढून टाकला की शाई आणि कागद यांचं जुनं होणं मंदावतं आणि किडे जगत नाहीत. गेटीने ही रचना आधी कैरोच्या संग्रहालयातल्या राजघराण्याच्या ममींसाठी विकसित केली होती. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याभोवती १९५०च्या दशकापासून हेलियम होता. २००३ मध्ये त्या पेट्या बदलून आत आर्गॉन भरला गेला. मी प्रत्येक जिल्ह्यात नायट्रोजनच्या पेट्या मागत नाही. काय करायचं ते ठरवून शास्त्रज्ञांकडे सोपवलं तर देशातली प्रयोगशाळा ते करून दाखवते, एवढंच लक्षात आणून देतो.

चोरीबद्दल बोलायलाच हवं, कारण बुलेटप्रूफ काचेचं कौतुक तिथूनच येतं. १९ ऑक्टोबर २०२५ रोजी पॅरिसच्या लूव्रमध्ये भरदिवसा चोर यांत्रिक शिडीने पहिल्या मजल्यावर चढले, चकतीच्या करवतीने दोन शोकेस कापल्या आणि आठ दागिने घेऊन काही मिनिटांत निघून गेले. सम्राज्ञी युजेनीचा मुकुट कापलेल्या अरुंद फटीतून ओढताना चेपला, आणि पळताना त्यांच्या हातून पडला म्हणून परत मिळाला. त्या शोकेस जुन्या नव्हत्या, २०१९ मध्येच बसवलेल्या होत्या. त्याच वर्षी ड्रेस्डेनमध्ये चोरांनी कुऱ्हाडीने शोकेस फोडली होती. कुठलीही काच चोर थांबवत नाही, ती वेळ मिळवून देते. त्या वेळात कुणी धावून येणार असेल तरच तिचा उपयोग. आपल्याकडे २००४ मध्ये शांतिनिकेतनातून रवींद्रनाथांचं नोबेल पदक गेलं ते आजतागायत मिळालेलं नाही, आणि २०१८ मध्ये हैदराबादच्या निजामाच्या संग्रहालयातला सोन्याचा डबा झरोक्यातून उतरलेल्या चोरांनी नेला. तो सुदैवाने काही दिवसांत परत मिळाला. पण महोदय, चोरी झालेल्या वस्तूची निदान बातमी होते, तपास होतो. पांढऱ्या भुकटीच्या रूपाने पुसून टाकलेल्या नाण्याचा पंचनामा कुणी करत नाही.

शोकेसचं दुसरं काम दाखवण्याचं. साधी काच तिच्यावर पडलेल्या उजेडातला सुमारे ८ टक्के परत फेकते. आकडा लहान वाटतो, पण समोर पांढरी भिंत आणि उघडी खिडकी असली की प्रेक्षकाला लघुचित्राऐवजी स्वतःचा शर्ट दिसतो. परावर्तन रोखणारी काच महाग पडते. समोरची भिंत गडद रंगवायला आणि दिव्याचा कोन बदलायला फारसं काही लागत नाही. तळफळीची उंची मोठ्या माणसाच्या छातीएवढी असते, त्यामुळे सहलीला आलेली चौथीची मुलं टाचा उंचावून फक्त मखमलीची झालर पाहून परततात. पाटी वस्तूला टेकवून ठेवलेली, लॅमिनेट केलेली, तिच्यावर दिव्याचा ठिपका. हे सुधारायला खरोखर पैसे लागत नाहीत. संध्याकाळी दालन बंद झाल्यावर अभिरक्षकांनी एकदा गुडघ्यावर बसून फेरी मारावी.

मांडणीत किती विचार लागतो याचं ताजं उदाहरण आपल्याच ताब्यात आहे. २०२५ मध्ये राज्याने लंडनच्या लिलावातून रघुजी भोसल्यांची तलवार मिळवली, त्याबद्दल आपलं मनापासून अभिनंदन. पातं युरोपीय धाटणीचं, आणि त्याच्या पाठीवर सोन्याने उमटवलेली देवनागरी अक्षरं. ही तलवार पेटीत मखमलीवर आडवी ठेवली तर पातं दिसेल, मूठ दिसेल. अक्षरं दिसतीलच असं नाही. ती दिसण्यासाठी पाठ प्रेक्षकाकडे वळवणारा आधार लागेल, पोलादाला ओरखडा न येईल असं अस्तर दिलेला, आणि दिवा असा की सोनं उठून दिसेल पण पात्याची झळाळी डोळ्यांत जाणार नाही. असे आधार बनवणं हा जगात वेगळा पेशा आहे. आपल्याकडे तांबट आहेत, सोनार आहेत. त्यांना कुणी विचारलेलं नाही.

पाटीबद्दल एक नाजूक गोष्ट. वाघनखांविषयी लंडनच्या संग्रहालयाने स्वतःच म्हटलं आहे की ती अफजलखानाच्या भेटीत वापरलेलीच होत, याची खातरजमा करता आलेली नाही. सोबतच्या पेटीवरच्या मजकुरानुसार ती साताऱ्याचा इंग्रज रेसिडेंट ग्रँट डफ याच्याकडे आली, एवढा धागा आहे. हे जसंच्या तसं मराठीत पाटीवर लिहिलं म्हणून छत्रपती शिवाजी महाराजांच्या कर्तृत्वात तिळमात्र उणीव येत नाही. त्यांच्या पराक्रमाला आपल्या पाटीच्या अतिशयोक्तीची गरज नाही, आणि रांगेत तासभर उभा राहिलेला माणूस खरं वाचण्याइतका शहाणा असतो.

जुन्या शोकेस सरसकट मोडीत काढा, असं माझं म्हणणं नाही. मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाची इमारत १८७२ मध्ये खुली झाली आणि २००३ ते २००८ या काळात तिचं नूतनीकरण झालं, तेव्हा तिथली जुनी लाकडी कपाटं दुरुस्त करून पुन्हा उभी केली गेली. ती आता स्वतःच पाहण्याच्या वस्तू आहेत. अशा कपाटांत शिसं आणि चांदी ठेवू नये, चिनी मातीची भांडी आणि दगड खुशाल ठेवावेत. कोणती वस्तू कोणत्या पेटीत, एवढं शहाणपण वापरलं तर जुनं लाकूडही कामाला येतं.

माझं मागणं असं. राज्य पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या अखत्यारीतल्या संग्रहालयांसाठी शोकेसची खरेदी फर्निचरच्या शीर्षातून काढून जतनाच्या शीर्षात घाला, म्हणजे सर्वांत कमी दराआधी ऑडी चाचणीचा निकाल मागता येईल. ती चाचणी जिल्ह्यातल्या विज्ञान महाविद्यालयांकडून करून घ्या. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं जतन केंद्र आहे, त्यांना प्रशिक्षणासाठी विनंती करा. नव्या शोकेसमध्ये वस्तू जाण्याआधी पेटी आणि रंग मोकळ्या हवेत वाळण्यासाठी ठरावीक दिवस सक्तीचे करा आणि उद्घाटनाची तारीख त्यानंतर द्या, मग पाहुणे कुणीही असोत. प्रत्येक शोकेसमध्ये आर्द्रतामापक बसवा. चांगला मापक काही हजारांत मिळतो. आणि त्याचे आकडे दर महिन्याला दाराशी लावा. दमट आहे तर दमट लिहा. जाहीर झालेला वाईट आकडा सुधारण्याची शक्यता तरी असते.

विकत घेतलेल्या वस्तूला परत करण्याची तारीख नसते, आणि तिच्यासाठी अटी घालायला लंडनहून कुणी येणार नाही. त्या अटी आता आपल्यालाच स्वतःवर घालून घ्याव्या लागतील. रघुजींच्या तलवारीच्या पेटीतली आर्द्रता किती, उजेड किती, तळाला कोणतं साहित्य आणि ते तपासलं कुणी, एवढी एक पानाची माहिती आपल्या विभागाने प्रसिद्ध करावी, ही विनंती. सुरुवात तिथून झाली तर पुढच्या पानावर कोल्हापूरची शिशाची नाणी यावीत.

आपला,
संग्रहालयांचा एक जुना प्रेक्षक, पुणे